एकोणीस जणी जिन्यात

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (माझ्या खोलीत खरोखरचा साष्टांग घालायचा म्हटला तर पाय दाराबाहेर जिन्यात जातात, तेव्हा खुर्चीतूनच हात जोडलेत, ते गोड मानून घे.) तुझा गुडघा काय म्हणतो? दाजी सकाळी खरंच फिरायला जातात, की बूट घालून ओट्यावर पेपर वाचत बसतात? मी मजेत आहे. हे मी दर रविवारी फोनवर सांगतो आणि दर रविवारी तू नुसतं "हं" म्हणतेस. त्या "हं"पायीच आज कागद पुढे ओढला. फोनवर तू मधेच तोडतेस. कागदावर तुला ते जमायचं नाही.

तर सुरुवातीचे दिवस मजेत नव्हते, हे आता सांगायला हरकत नाही. पहिल्याच आठवड्यात थंडीने दात वाजायला लागले म्हणून एक जाडजूड कोट घेतला. त्याची बटणं उलट्या बाजूला होती. मला वाटलं, या देशात बटणं अशीच लावत असतील; आपण कशाला नाक खुपसा? महिनाभर ऐटीत हिंडल्यावर समोरच्या दारातल्या शिंपीकाकांनी खुणेने समजावलं की तो कोट बायकांचा आहे. (रंग मात्र मला शोभतो, असंही ते म्हणाले. निदान मला तसं कळलं.) खालच्या मजल्यावर एक निवृत्त नर्सबाई राहतात. मी कचरा चुकीच्या डब्यात टाकला की त्या माझी पिशवी उचलून परत माझ्या दाराशी आणून ठेवत. एक शब्द नाही, कपाळावर आठी नाही, नुसती पिशवी. बाकी कुणाशी बोलणं नाही. सबंध इमारतीत माझा नेमाने संबंध येणारा माणूस म्हणजे माझा कचरा परत करणारी बाई! संध्याकाळी खोलीवर आलो की मोठ्याने मराठीत स्वतःशी बोलायचो, आवाज शाबूत आहे ना ते बघायला.

कामाचं म्हणशील, तर तुला ते ठाऊकच आहे. "एवढं शिकून पोरगा गोगलगायी राखायला सातासमुद्रापार गेला," असं तू शेजारी सांगितलंस, ते माझ्यापर्यंत पोचलंय. सांगितलंस ते खरंच आहे. नावात गाय आहे, तेव्हा मी गुराखीच. गोगलगायीचा शंख फुटला तर ती तो स्वतः, आतल्या आत, कुणाच्या मदतीशिवाय सांधते. ती हे कसं करते, ते मी बघतो. आमच्या मॅडम माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान आहेत. इथे वरिष्ठांनाही नुसत्या नावाने हाक मारतात. मला ते जमत नाही आणि "मॅडम" म्हटलेलं त्यांना आवडत नाही, म्हणून मी त्यांना काहीच म्हणत नाही. समोर जाऊन खोकतो. त्यामुळे त्यांनी दोनदा मला डॉक्टरकडे पाठवलं.

आता मुख्य गोष्ट. मध्यंतरी जोडून सुट्ट्या आल्या आणि नेमकं त्याच वेळी प्रयोगशाळेतलं खोली गरम ठेवायचं यंत्र बंद पडलं. दुरुस्त करणारा माणूस सुट्टीनंतर उगवणार. इतक्या गारठ्यात माझी गुरं वाचली नसती, म्हणून मॅडमच्या परवानगीने मी एकोणीस गोगलगायी खोक्यात घालून घरी आणल्या. प्रत्येकीच्या पाठीवर पांढऱ्या रंगाने नंबर घातलेला. त्यांना पाला घातला, झाकण लावलं आणि जेवून जरा आडवा झालो. जाग आली तेव्हा झाकण तिरकं झालेलं आणि दावण रिकामी! गोगलगाय हळू चालते हे सगळे सांगतात. ती मधे चहाला थांबत नाही, हे कुणी सांगत नाही. माझ्या दाराखाली बोटभर फट आहे. त्या दिवशी जिना धुतलेला होता, आणि ओल म्हणजे त्यांचं माहेर.

ताई, त्या गेल्या तर काम गेलं, आणि काम गेलं तर मी तोंड लपवून घरी. (खरं सांगतो, त्या दिवसांत मला घरी यायला एखादं कारण हवंच होतं. पण हे नको होतं.) होतो तसा, पायजम्यावर आणि अनवाणी, जिन्यात धावलो. शिंपीकाका वर येत होते, नर्सबाई पिशवी घेऊन दारात उभ्या होत्या. आणि मला गोगलगायीला इथे काय म्हणतात ते आठवेना! शास्त्रातलं नाव येत होतं, भाजीवाल्याशी बोलायची वाक्यं येत होती, पण तो शब्द काही केल्या येईना. मग हाताशी होते ते शब्द जोडले.

"माझ्या लहानग्या बाहेर गेल्या," मी म्हणालो. "त्यांना थंडी सोसत नाही."

नर्सबाईंच्या हातातली पिशवी खाली आली. "किती जणी?"

"एकोणीस."

शिंपीकाका होते त्या पायरीवर बसले.

"वय काय?"

"दोन वर्षं. सगळ्यांचं."

"आणि त्यांची आई?"

इथे नुसतं "नाही" म्हटलं असतं तर भागलं असतं. पण शास्त्रज्ञाची खोड, आणि गोगलगाय म्हणजे एकाच अंगात नर नि मादी. "आई आणि बाप एकच असतो," मी म्हणालो. नर्सबाईंनी खिशातून फोन काढला. तो पोलिसांसाठी आहे हे ओळखून मी घाईघाईने सांगितलं, की काळजीचं कारण नाही, प्रत्येकीच्या पाठीवर मी स्वतः नंबर टाकलाय.

काय झालं असतं देव जाणे. पण तेवढ्यात शिंपीकाका किंचाळले. त्यांनी कठड्यावर टेकलेल्या हातावर नऊ नंबर चढत होती.

मग काका जे हसत सुटले ते डोळे पुसायची वेळ येईपर्यंत. नर्सबाई हसल्या नाहीत. त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं आणि तोंडाचा पट्टा सोडला. एवढ्या गारठ्यात अनवाणी! घोडा झालास तरी अक्कल नाही! आजारी पडलास तर बघणार कोण?

ताई, मला सगळं कळलं. एकही शब्द मनात मराठीत फिरवून घ्यावा लागला नाही. त्या भाषेत माझ्याशी कुणी इतकं बोललंच नव्हतं, आणि जे बोललं गेलं ते मी लहानपणापासून ऐकत आलेलो. आई गेल्यापासून तूच तर ते म्हणत आलीस. माझे डोळे भरून आले. त्यांना वाटलं, लागलं बोलणं. म्हणून आणखी रागावल्या. मग आत गेल्या आणि लोकरी सपाता घेऊन आल्या. त्यांच्या यजमानांच्या. ते जाऊन बरीच वर्षं झाली, हे मला नंतर कळलं. सपाता मला मोठ्या होतात, पण हे मी त्यांना सांगितलं नाही.

नंतर आम्ही तिघांनी गुडघ्यांवर बसून अख्खा जिना पालथा घातला. छत्र्यांच्या खाली, कुंड्यांमागे, पायपुसण्यांत. ज्या दारांपुढून मी मान खाली घालून जायचो ती एकेक करून उघडली, आणि प्रत्येक घरातून कुणी ना कुणी गोगलगाय नाहीतर निदान विजेरी घेऊन बाहेर आलं. अठरा मिळाल्या. पाच नंबर मिळेना, आणि नेमका तिचाच शंख सगळ्यांत सुरेख सांधलेला. मी आशा सोडून नर्सबाईंचे आभार मानायला गेलो, तर त्या स्वयंपाकघरात टेबलाशी बसलेल्या, समोर बशीत कोबीचं पान आणि पानावर पाच नंबर. बऱ्याच आधी सापडली होती म्हणे.

"मग सांगितलं का नाहीत?" मी विचारलं.

"जेवतेय ना ती," त्या म्हणाल्या. "बस जरा."

मी बसलो. पान संपेपर्यंत आम्ही दोघं तिचं जेवण बघत बसलो. इथे आल्यापासून पहिल्यांदाच मला खोलीवर जायची घाई नव्हती आणि घरीही जायची नव्हती. आता रोज संध्याकाळी त्या पाच नंबरची खुशाली विचारतात, तीही दारात उभं करून नव्हे, खुर्ची देऊन. शिंपीकाकांनी कोटाची बटणं फिरवून दिली. सुट्टी संपल्यावर मॅडमसमोर जाऊन मी खोकलो आणि सगळं सांगून टाकलं. त्यांनी एवढंच विचारलं, की सांधलेला शंख घेऊन पाच नंबर जिना उतरली कशी, हे लिहून ठेवलंस का?

असो. दाजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. गुडघ्याला तेल चोळत जा.

तुझा,
धाकटा

ता. क. संस्थेने मला आणखी तीन वर्षं राहा म्हणून विचारलंय. तुला विचारून कळवतो, असं सांगायला गेलो आणि तोंडातून "हो" निघालं. तू "नको" म्हणाली असतीस तर मी निमूटपणे परत आलो असतो. म्हणून आधी विचारलं नाही.

आणखी एक. माझी खोली आता रिकामी ठेवू नकोस. तुझी थोरली माहेरपणाला येते, तिला दे.

शेवटचं. तीन वर्षं तुझं तोंड न बघता काढणं मला जमणार नाही, तेव्हा उन्हाळ्यात दोघंही इकडे या. दाजींनी त्यांचा पासपोर्ट केव्हाच काढलाय आणि तुझ्या भीतीने कपाटात लपवलाय. त्यांना बोलू नकोस, काढायला मीच सांगितलं होतं. तुझा तेवढा राहिलाय. त्याच्या फोटोत हसलेलं चालत नाही. हे पत्र वाचून रागावली असशील, तर तशीच ऊठ आणि फोटो काढून ये. अगदी हवा तसा येईल.