एकशेचार जोड्या

९ मे १९८३, सोमवार

तेवीसला जोड्या जुळत नाहीत!!

तीनदा मोजलं. डावीकडे एका तऱ्हेच्या एकशेचार फोडी, उजवीकडे दुसऱ्या तऱ्हेच्या एकशेचार. पण गेदेऑन काकांच्या रीतीने लग्नं लावत गेलं की उजवीकडच्या एकीला दोन नवरे येतात, आणि एक बिचारी तशीच राहते. आकडे जुळतात, जोड्या जुळत नाहीत.

मीच चुकले असणार. दातांच्या दवाखान्यात रांगेत बसून मोजलंय, गाल सुजलेला. उद्या शांतपणे बघेन.

१० मे

शांतपणे बघितलं. मी चुकलेले नाही.

११ मे

सगळं लिहून काढते, म्हणजे डोकं थाऱ्यावर राहील.

आईला सांगितलं होतं तसंच लिहिते. पाच म्हणजे चार नि एक, किंवा तीन नि दोन — या पाचाच्या फोडी. अशा फोडी मोजण्यात माझी तारुण्याची वर्षं गेली. गेदेऑन काका माझे मार्गदर्शक; त्यांचं सातवं प्रमेय १९५१ सालचं. दोन तऱ्हेच्या फोडींमध्ये एकास एक जोडी लावायची रीत. आमच्या विभागात रिवाज असा की वीसपर्यंत हाताने पडताळायचं आणि मग कॉफी प्यायची. वीसला चौसष्ट जोड्या, एक दुपार पुरते. पुढे कोण कशाला जातंय! बत्तीस वर्षांत कुणी गेलं नाही. मीसुद्धा दाढ दुखत होती म्हणून गेले.

आणि माझा आठ वर्षांचा प्रबंध! तिसरा, चौथा, पाचवा अध्याय — तिन्ही त्या एका खांबावर. बारा प्रती टंकून झाल्यात, प्रत्येकीत चिन्हं मी स्वतः शाईने भरलीत. जाहीर परीक्षा २७ तारखेला. ५ जूनला काकांचा ऐंशीवा वाढदिवस. साऱ्या सेगेद शहराला आमंत्रण आहे.

बोलले तर काकांचं नाव जातं. गप्प बसले तर मी खोटी.

१३ मे

विभागातला लोरिंत्स माझ्यासमोरच्या टेबलाशी बसतो, त्याच्यापासून काही लपत नाही. "काय गं, ठरलेलं लग्न मोडल्यासारखं तोंड करून बसलीयेस?" म्हटलं, दाढ. "काढली ना ती?" दुसरी, म्हटलं. "किती दाढा आहेत तुला, एमोके? वीसपर्यंत मोजल्यास का?" — आणि स्वतःच हसला. माझ्या हातातली पेन्सिल मोडली.

१५ मे, रविवार

काकांकडे गेले. सांगायलाच गेले होते! इर्मा काकूंनी आंबट चेरीचं गार सूप समोर ठेवलं. "खा गं, हाडं दिसायला लागलीत." मी खाल्लं. सूप छान झालंय म्हटलं. बस, एवढंच बोलले.

पुस्तकांच्या कपाटावर ती बाटली आहे. वर्तमानपत्रात गुंडाळलेली, सुतळीने बांधलेली. इथली पद्धतच आहे — ठाम दावा केला की त्यावर बाटली लावायची. काकांची जर्दाळूची ब्रँडी. सातव्या प्रमेयात खोट काढेल त्याला. प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला ते तेच सांगतात, "बघायचं, हात लावायचा नाही." आज माझी नजर तिकडे गेली, तर काका माझ्याकडेच बघत होते. की मला तसं वाटलं?

१८ मे

बुडापेस्टहून दोन्ही परीक्षकांचे अहवाल आले. "कुठेही बोट ठेवायला जागा नाही." लोरिंत्सने मिठी मारली. मला लाज वाटली.

हो, गप्प राहायचा विचार आला. एकदा नाही, दिवसभर.

२२ मे

सांगितलं.

काकांनी कागद घेतला, पेन्सिल फिरवली. "तेवीस," म्हणाले. मग — "कुणाला सांगितलंस?"

"कुणालाच नाही."

"शुक्रवारपर्यंत सांगू नकोस."

"काका, शुक्रवारी तर माझी —"

"तारीख मला कळते, पोरी."

रागावले नाहीत. खात्री आहे का, असं एकदाही विचारलं नाही.

२४ मे

शुक्रवारपर्यंत म्हणजे काय? शुक्रवारी धरून की सोडून? ते मला गप्प बसवताहेत का? दोन भाषणं लिहिलीत — एक खोट सांगणारं, एक न सांगणारं.

२६ मे

दोन्ही पिशवीत ठेवली.

२७ मे, शुक्रवार

खरं भाषण बाहेर काढलं. "तिसऱ्या अध्यायाविषयी मला —" एवढंच म्हटलं, आणि पहिल्या रांगेतून काठीचा आवाज आला. काका! फळ्यापर्यंत चालत गेले, माझ्या हातातला खडू घेतला, तेवीसच्या दोन फोडी लिहिल्या आणि दोन्हींचे बाण एकाच तिसऱ्या फोडीकडे नेले.

"हे माझं सातवं प्रमेय. हे खोटं आहे. हिने शोधलं."

आणि जागेवर जाऊन बसले.

परीक्षा पुढे ढकलली. तीन अध्याय गेले, निदान दोन वर्षं गेली. काकूंनी केलेली चीजची खारी बिस्किटं तशीच ताटात. लोक मयताला आल्यासारखे हात हातात घेऊन जात होते. आणि मला किती हलकं वाटत होतं! ऐंशीव्या वर्षी, भर सभेत, स्वतःच्या हाताने स्वतःचं प्रमेय पुसणारा माणूस. मी त्यांच्यावर संशय घेतला! देवमाणूस आहे. घरी येऊन खूप रडले.

२९ मे

इर्मा काकू बाटली देऊन गेल्या. "तुझीच आहे म्हणाले." थांबल्या नाहीत.

सुतळी सोडली. वर्तमानपत्र मार्च १९६३ चं. बाटली अर्धी रिकामी. बाटलीला चिकटवलेल्या चिठ्ठीवर काकांचं अक्षर — "१९५१. सातव्यात खोट काढणाऱ्याला." त्याखाली वेगळ्या शाईने: "मार्च १९६३. तेवीस. अर्धी मी घेतली."

मी १९७५ साली विषय मागायला गेले, तेव्हा सातवं त्यांनीच काढून माझ्या हातात दिलं होतं.