बार भरताना ओ द्यायची नाही

आई,

तू गेल्यावर इतक्या वर्षांत तुला काही लिहावंसं वाटलं नव्हतं. तुला पत्रांचं कौतुकही नव्हतं, कुणाचं आलं तर माझ्याकडून वाचून घ्यायचीस आणि अर्ध्यातच म्हणायचीस, "पुरे, कळला." तरी आज लिहायला बसले आहे, कारण या आठवड्यात जे झालं ते इथे कुणाला सांगायचं तर आधी बंदूक समजावून सांगावी लागेल. तुला ती समजावून सांगावी लागणार नाही.

आपल्या घरामागे, फणसाच्या पलीकडे, तीन दगडांची एक चूल होती. स्वयंपाकाची नव्हे. तिच्यावर तू शिसं वितळवायचीस. मासेमारीच्या जाळ्यांची जुनी शिसं तू बंदरावरून आणायचीस, मासळीच्याच पिशवीतून, आणि वितळल्यावर ते लोखंडी पळीने पकडीसारख्या साच्यात ओतायचीस. साचा उघडला की गोळी बाहेर पडायची, आधी आरशासारखी, मग बघता बघता मळकट. बाबा गेल्यावर पीक संरक्षणाच्या बंदुकीचा परवाना तुझ्या नावावर झाला होता आणि भातात रानडुकरं शिरत होती, एवढंच त्यामागचं कारण; गावातले लोक मात्र तुला जरा बिचकून असायचे. निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायला तू ती चादरीत गुंडाळून एसटीने न्यायचीस. तुझ्या शेजारची सीट रिकामी राहायची. परत आल्यावर म्हणायचीस, "बरां झालां, पाय पसरूक गावले."

शिसं ओतताना मला वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभं राहायची मुभा होती. बार भरताना तीही नव्हती. ठासणीच्या बंदुकीत तोंडातून आधी दारू जाते, मग काथ्याचा बोळा, मग गोळी, आणि हे सगळं गजाने ठासायचं. तेवढ्या वेळात कुणीही हाक मारली तरी तू ओ द्यायची नाहीस. मी रडले तरी नाही. एकदा आत्या मुंबईहून आली आणि दारात बॅग घेऊन "वहिनी, अगं वहिनी" करत उभी राहिली. तू पाठ वळवली नाहीस. बार पुरा केलास, बंदूक वर ठेवलीस, हात धुतलेस आणि मग विचारलंस, "कधी इलास?" आत्याने तो अपमान मरेपर्यंत सांभाळून ठेवला. आणि चुकून ओ दिली गेलीच, तर तू सगळं बाहेर काढून पहिल्यापासून सुरुवात करायचीस. मामाच्या डाव्या हाताला दोन बोटं का नव्हती, हे मला पुढे कळलं. तो बार भरत असताना व्याही दारात आले. तो उठला, रामराम केला, पाणी दिलं आणि परत येऊन भरलेल्या बारावर दुसरा बार भरला; उडवल्यावर नळीच फुटली. तो ते हसत सांगायचा, "लोक पाहुण्यांका चाय देतत, मी दोन बोटां दिलंय." तू त्यावर कधी हसली नाहीस.

मी आता शारजात राहते, रोल्लाच्या मागच्या गल्लीत. ऑफिस दुबईत, अल क्वोजमध्ये. काम हवेचं: कुठल्या खोलीतली हवा कुठे जाते, किती जाते, जाते तरी का. इथे शहराबाहेर वाळूत एक नेमबाजीचा क्लब आहे. या देशात परवान्याशिवाय कुणी काडतुसाला हातही लावू शकत नाही. या क्लबाला परवाना आहे, आणि त्याच्या शस्त्रागारात जाड दाराची एक खोली आहे. तिथे जुन्या फौजी रायफलींची काडतुसं हाताने भरतात. शंभर वर्षांहून म्हाताऱ्या त्या रायफली, त्यांची काडतुसं बाजारात सहजी मिळत नाहीत. म्हणून गोळी साच्यात ओतायची, वापरलेली पितळी पुंगळी पुन्हा घ्यायची, तिच्यात दारू मोजून घालायची आणि तोंडावर गोळी दाबून बसवायची. शिशाचा धूर बाहेर ओढणारा पंखा नीट चालतो का, हे बघायला मी तिथे जाते.

ती खोली एका वृद्ध इमाराती गृहस्थांच्या ताब्यात आहे. फौजेतून निवृत्त झालेले, क्लबाचे जुने सभासद. तरुणपणी मुंबईला येऊन-जाऊन हिंदी शिकले आणि ती अजून आवडीने बोलतात. 'सर' म्हटलेलं त्यांना खपत नाही, म्हणून मी चाचा म्हणते. ते मला मुहन्दिसा म्हणतात, म्हणजे इंजिनीअरबाई.

मंगळवारी सकाळी मी ते दार ढकललं तेव्हा ते भरत होते. लाकडी ठोकळ्यात पुंगळ्या उभ्या, हातात छोटं माप. मी सवयीने "सलाम अलैकुम, चाचा" म्हटलं आणि ते उठले. आई, यांच्याकडे आलेल्या माणसासाठी उठायचं नाही हे कुणाच्या मनातही येत नाही. आजारी माणूससुद्धा उशीवरून अर्धा उठतो. त्यांनी माप खाली ठेवलं, उजवा हात छातीवर ठेवला आणि थर्मासमधून गहवा, म्हणजे इथली कॉफी, ओतायला लागले.

"आप काम कीजिए, चाचा, मैं पंखा देखके जाती हूँ."

"बैठो, बैठो. पंखा कहीं भागता नहीं. काम रोज आता है, मेहमान रोज नहीं आता." खजुराची ताटली माझ्यापुढे सरकली. "बेटी कैसी? पढ़ती है, कि खाली मोबाइल?"

"खाली मोबाइल."

"मेरी भी वैसी थी. अभी लंदन में डॉक्टर है. शनिवार को इधर आएगी." त्यांनी ठोकळ्याकडे हात केला. "उसके दादा का रायफल है ना, पहला गोली वो मारेगी. ये सब उसी के वास्ते."

मग ते परत ठोकळ्यापाशी गेले. माप उचललं. हात एका पुंगळीवर थांबला, पुढच्या पुंगळीवर गेला, पुन्हा मागे आला. निदान मला तसं दिसलं. मग भरणं सुरू झालं. मी पंख्याच्या जाळीला मीटर लावून उभी आहे आणि डोळे त्या हातावर आहेत. या नव्या दारूचं प्रमाण इतकं थोडं असतं की ती लांब पुंगळीच्या तळाशी कुठेतरी हरवते. एकीतच दोनदा पडली तरी वर येत नाही, सांडत नाही. बॅटरी मारून एकेकीत डोकावलं तरच कळतं. बॅटरी भिंतीवर टांगलेली होती. त्यांनी ती घेतली नाही. गोळ्या बसवल्या, आणि मग सगळी काडतुसं एकसारखी झाली. वजन करूनही भरवसा नाही, कारण हाताने ओतलेल्या गोळ्या मुळातच एकमेकींशी जुळत नाहीत. काडतुसांचा डबा त्यांनी तिजोरीत ठेवला.

मी म्हटलं, "पंखा ठीक है, चाचा." आणि निघाले.

गाडीत बसल्यापासून मी स्वतःची उलटतपासणी घेत होते. मी खरंच पाहिलं का? की मामाची बोटं पाहिली? पंख्याच्या जाळीपासून ठोकळा बराच लांब होता, आणि त्यांचा हात तसाही वयाने जरा कापतो. एका सज्जन माणसाच्या, मुलीसाठी भरलेल्या डब्याबद्दल मी कशाच्या आधारावर तोंड उघडणार? बुधवारी ऑफिसात वेगळाच विचार आला. माझ्याजवळ लाल टॅग असतात. पंखा नापास केला की ती खोली बंद होते, तिजोरीसकट, आणि नवा पंखा बसेपर्यंत कुणी आत जात नाही. शनिवार टळला असता. पंखा उत्तम होता. टॅग मी ड्रॉवरमधून काढला, टेबलावर ठेवला आणि पुन्हा ड्रॉवरमध्ये टाकला. खोटं लिहायचं नव्हतं हे कारण मी स्वतःला दिलं, पण खरं बोलायला जायचंही धैर्य नव्हतं. जेवताना मुलीला अर्धवट सांगितलं. तिने मान वर न करता सल्ला दिला, "जस्ट टेक्स्ट हिम, आई. व्हॉट्स द बिग डील?" काय टेक्स्ट करणार? मी आले म्हणून तुम्ही चुकला असाल, असं? रायफल खांद्याला लावली की गाल कुठे टेकतो ते मला ठाऊक आहे. चाचांच्या मुलीचा चेहरा मी कधी पाहिलेला नाही, पण दिवसभर तो तिथे टेकलेला दिसत होता.

गुरुवारी दुपारी मी गेले. ते नुसतेच बसले होते. मला बघून उठले.

"क्या हुआ मुहन्दिसा? पंखा?"

"पंखा नहीं, चाचा. वो डिब्बा."

मी सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले, मग हसले. "तुम्हारे पैदा होने के पहले से भरता हूँ मैं."

"उस दिन बीच में मैं आ गई थी."

"तो गलती मेहमान का?"

"हाँ. मेहमान का."

मग मी मामाची गोष्ट सांगितली, त्याच्या विनोदासकट. ते हसले नाहीत. बोटातली अंगठी फिरवत राहिले. पलीकडे रेंजवर कुणीतरी सराव करत होतं. जाड भिंतीतून बार दबके येत होते, दाराआड कुणी गादी झोडपावी तसे.

"सब ठीक निकला तो?"

"तो मुझे फिर कभी गहवा मत पिलाना."

"ये तो मेरे को सज़ा हुआ," ते म्हणाले आणि तिजोरी उघडली.

हातोडीसारखं एक हत्यार असतं; त्यात काडतूस अडकवून आपटलं की गोळी सुटून येते. ते एकेक आपटत होते आणि दारू ताटलीत ओतून दाखवत होते. एक माप. पुन्हा एक माप. पुन्हा तेवढंच. प्रत्येक आपटण्याबरोबर माझी मान खाली जात होती. निम्मा डबा झाला. मी म्हणणार होते, पुरे, चाचा, माफ करा. तेवढ्यात त्यांनी एक पुंगळी ताटलीवर उलटी केली आणि काहीच पडलं नाही. त्यांनी ती नखाने टिचकावली. बॅटरी घेतली, आत पाहिलं, मग माझ्या हातात दिली. आत स्वच्छ पितळ होतं.

मी दुप्पट शोधत होते, आई. रिकामी निघेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मंगळवारी हात मागेपुढे झाला तेव्हा ती भरलेली आहे असं समजून त्यांनी ती सोडली होती. काडतुसाच्या बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी असते; अशा काडतुसात नुसत्या तिच्या जोराने मऊ गोळी नळीत थोडी सरकते आणि अडकून बसते. आवाज फुसका होतो. माणसाला वाटतं, बार लागला नाही. तो हसतो, त्या तुंबलेल्या नळीतच पुढचं काडतूस घालतो आणि पुन्हा गाल टेकतो.

त्यांनी उरलेली सगळी काडतुसं उघडली. बाकीची बरोबर होती. मग खुर्चीत बसले आणि शांतपणे म्हणाले, "पिछले साल भी मेहमान आए थे." आम्हा दोघांची नजर एकदमच मागच्या कपाटाकडे गेली. गेल्या वर्षी भरलेले डबे तिथे असतात, रेंजवरही तिथूनच जातात. भिंतीपलीकडे एक बार झाला, आणि त्यांनी रेंजला फोन लावून अरबीत मोठ्याने काहीतरी सांगितलं. त्यानंतर बार ऐकू आले नाहीत. मग ते गेल्या हिवाळ्यात ज्या मित्रांना डबे दिले होते त्यांना एकेक करून फोन लावत बसले. स्वतःच्या मुलीला सांगितलं, शनिवार खलास, पुढे बघू. आज शुक्रवार आहे. सकाळी त्यांचा मेसेज आला: एक मित्र अजून फोन उचलत नाही, त्याच्या घरी माणूस पाठवला आहे. त्यानंतर काही आलेलं नाही. मी फोन उपडा ठेवते आणि परत सुलटा करते.

हे लिहून झालं की वही मिटून ठेवीन; तुझ्यापर्यंत काही पोचवायची सोय नाही, आणि चाचांना मराठी वाचता येत नाही हे एका अर्थी बरंच आहे. कारण एक गोष्ट मी त्यांना सांगितलेली नाही. ती पुंगळी ताटलीवर उलटी झाली आणि काही पडलं नाही, तेव्हा मला आधी भीती वाटली नाही. आधी बरं वाटलं. माझं खरं निघालं, म्हणून. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं तेव्हा ते माझ्या चेहऱ्यावर अजून होतं का, ते मला सांगता येत नाही.