वडगावची दुसरी उत्तरं

५ मार्च २००१, दौंड
रेल्वे कॉलनीतली दुसरी फेरी संपली. तीन आठवड्यांपूर्वीचेच प्रश्न, त्याच माणसांना. उत्तरं जुळली – सहसंबंध ०.८६ (तंतोतंत जुळली तर १). अपेक्षेप्रमाणे! इंग्रजी स्वभावचाचणीचं हे मराठी रूप माझं आहे, आणि ते चांगलं आहे. इथं लिहायला हरकत नाही.

९ मार्च
वडगाव रासाई. दुसऱ्यांदा उत्तरं जुळतच नाहीत. ०.३१. गणित पुन्हा केलं. तेवढंच.

१० मार्च
पुण्याहून आमच्या संस्थेच्या प्रमुखांचा, सरांचा फोन. "खेड्यातली माणसं अस्थिर, असं लिहा आणि संपवा." कुरकुंभच्या एका औषध कंपनीला ही चाचणी भरतीसाठी हवी आहे. 'अस्थिर' शेरा पडला की वडगावच्या एकालाही मुलाखत नाही. अहवाल वेळेत गेला तर माझी नेमणूक कायम.
"बघते" म्हटलं. पटत नाही.

१३ मार्च
वडगावला गेले. सुषमा बी.एस्सी. झालेली, त्याच कंपनीच्या प्रयोगशाळेतल्या जागेसाठी अर्ज केलाय. 'अनोळखी माणसांशी बोलायला मला आवडतं' – पहिल्यांदा हो, दुसऱ्यांदा नाही. का?
"तुम्ही परत आलात, म्हंजी पहिलं चुकलं असणार! शाळेत आपण चुकल्यावरच बाई परत विचारायच्या. मग मी सगळं उलटं केलं."
ओट्यावरून तिचे आजोबा, रखमाजी आबा – "आन् मला वाटलं, सोयरीक जमवत्यात! पोरीचा सोभाव दोन-दोनदा कोण इचारतंय?" सगळे हसले. मीही – थोडी.
घरोघरी हेच. प्रश्न ठीक, माणसंही ठीक. पुन्हा का आले, ते मी सांगितलं नव्हतं. दौंडच्या रेल्वेवाल्यांच्या त्याच तपासण्या वरचेवर होतात; त्यांना सांगावं लागलं नाही.

१७ मार्च
तिसरी फेरी. आधी सांगितलं – परीक्षा प्रश्नांची आहे, तुमची नाही. पहिलं उत्तर चुकलं नव्हतं. आज जे वाटतं ते सांगा.
आबा – "मग आधी बोलायचं न्हाई व्हय, बाई? आमचा शाणपणा फुकाट गेला!"
पहिल्या फेरीशी ताडून पाहिलं. ०.८४!

१९ मार्च
सर – "तिसरी फेरी नियमात बसत नाही. आणि स्वतःची चूक अहवालात कशाला?"
नाही बसत. तेही लिहिलं. चूक माझी, तेही. 'अस्थिर' शब्द कुठंच नाही. अहवाल स्वतः कंपनीत नेऊन दिला. मुद्दा पक्का आहे, त्यांना पटेल.

२ एप्रिल
पटला. विचारण्याच्या पद्धतीनं उत्तरं बदलत असतील तर चाचणी नकोच, म्हणाले. चाचणीच रद्द! सगळ्यांना थेट मुलाखत. आमचं कंत्राटही रद्द. सर म्हणाले, महिनाअखेरपर्यंतच कामावर या, पुढं नको.

२६ एप्रिल
सुषमाचा ऑफिसात फोन, एसटीडी बूथवरून. तिला जागा मिळाली.
"म्याडम, तुम्ही पण असाल ना तिथं? वळखीचं कुणीतरी पाहिजे बघा."
नाही म्हटलं.