अर्डिसताईशिवाय जत्रा

प्रिय अर्डिसताई,

हे पत्र तुला पाठवायची माझी हिंमत होणार नाही, पण लिहिल्यावाचून राहवत नाही.

तुझ्या गुडघ्यामुळे यंदा आयोवा राज्याच्या जत्रेला जाणं तुला शक्य नव्हतं. चाळीस वर्षांत आपण दोघींनी ती कधी चुकवली नव्हती. "तू नाहीस, तर मीही जात नाही," असं मी फोनवर म्हणाले आणि शनिवारी शेजारच्या डोलोरेसच्या गाडीत बसून गेले.

ताई, फार मजा आली गं. डुकरांच्या स्पर्धेचा निकाल लागेपर्यंत कठड्याला रेलून उभी राहिले. कणीस खाताना लोणी कोपरापर्यंत ओघळलं. दर दहा पावलांवर बाकावर टेकायला लावणारं कोणी नव्हतं. दिवसभरात तुझी एकदाही आठवण झाली नाही.

रविवारी चर्चमध्ये कॉफीच्या वेळी तू व्हीलचेअरवरून सगळ्यांना सांगत होतीस, "आमच्या लोरीनने माझ्यापायी जत्रा सोडली! आहे का कुणाची अशी बहीण?" बायका माझी पाठ थोपटत होत्या. डोलोरेस खाली कपात बघत राहिली. मी म्हटलं, "अगं, त्यात काय एवढं!"

मग तू माझा हात धरून हळूच म्हणालीस, "डॉक्टर म्हणतात, आता एवढं चालणं मला कधीच जमायचं नाही. दरवर्षी जत्रेच्या दिवशी माझ्याकडे येशील?"

मी "हो" म्हटलं. तुला मिठी मारली आणि त्या मिठीतच पुढच्या वर्षी काय सबब सांगायची, ते मी शोधत होते.

तुझी धाकटी,
लोरीन