ओट्यावरची बाटली

२१ एप्रिल २०२५, सोमवार. बीड, संध्याकाळ.

पोहोचलो! चिपळूण सोडून दोन दिवस झाले, तीन गाड्या बदलल्या आणि सामानातली एकही वस्तू हरवली नाही. सॅकमध्ये एकोणीस वस्तू आहेत. सकाळ-संध्याकाळ मोजतो. एसटीचा चार दिवसांचा पास आहे, रविवार ते बुधवार, कुठेही चढा, कुठेही उतरा. उद्या दुपारी अंबाजोगाई, परवा परतीची गाडी. येत्या रविवारी स्वप्नालीताईचे लग्न आहे आणि तिला भाऊ मी एकटाच. लग्नघर सोडून पाठीवर सॅक घेतली म्हणून आई रागावली होती. गुरुवारी दारात उभा असेन, असा तिला शब्द दिला आहे.

कडा गाव मागे पडल्यावर खिडकीची दांडी हाताने धरवेना, एवढे ऊन. पण शहर आवडले. स्टँडसमोर क्लासेसचे बोर्डच बोर्ड. मी लग्नपत्रिकांच्या छापखान्यात प्रुफे वाचतो. शाळा नववीत सुटली, तरी चूक दिसली की हात शिवशिवतात. स्टँड ते लॉज एवढ्यात अकरा चुका मोजल्या. बारावी लॉजवर. लॉजचे मालक मतीनभाई, त्यांनी रजिस्टरमध्ये माझे नाव ‘ऋशिकेश’ लिहिले. मी पेन मागून घेतले आणि ‘हृषीकेश’ केले. ते हसून म्हणाले, लई कडक मास्तर हाय हा.

बाटली धुऊन भरून ठेवली. स्टीलची आहे. आईने भांड्यांच्या दुकानातून तिच्यावर माझे नाव घालून आणले. अक्षरे मी कागदावर लिहून दिली होती, म्हणून बरोबर आहेत.

२२ एप्रिल, मंगळवार. दुपारी दोन, स्टँडवर.

सकाळी खजाना बावडी ही जुनी विहीर पाहिली. परतताना टपरीवर धोंडीराम नावाचे गृहस्थ भेटले. पन्नाशीचे, पांढरा सदरा, बऱ्याच दिवसांत झोप नसल्यासारखे डोळे. सॅक बघून विचारू लागले, इथं सोयरं हाय का कुणी? नाही म्हटले. मुक्काम? आजच निघणार म्हटले, तेव्हा त्यांचा चेहरा मोकळा झाला.

त्यांचा थोरला भाऊ धुळाजी महिन्यापूर्वी वारला. त्यांच्याकडे कुणाचा जीव अडकून राहिला, तर एका अनोळखी वाटसरूला मयताच्या पाटावर बसवून जेवू घालतात. वाटसरू जेवतो, उठतो, गाव सोडतो. मेलेलाही त्याच्यामागून निघून जातो. अट एकच, वाटसरूने त्या दारात परत यायचे नाही. मी आधी मतीनभाईंना विचारून आलो. ते म्हणाले, जेवा भाई, सवाबचं, पुण्याचं काम हाय. पण जेवलात की सरळ गाडी धरा, मागं वळू नका.

जेवण चांगले होते. येसर आमटी, भाकरी, गुळाची पोळी. वाढायला धुळाजींची बायको, केशरबाई. त्या माझ्या तोंडाकडे बघत नव्हत्या, पाण्याकडे बघत होत्या. पेला अर्धा झाला की भरत. शेजारच्या बायनाबाई उंबऱ्यात बसून, कुणी विचारले नसताना सांगत होत्या, की वाटणीवरून भांडण झाले, धुळाजी पिशवी घेऊन घराबाहेर पडला, आठ दिवसांनी भर दुपारी परत आला आणि पाणी पाणी करीत दार वाजवीत राहिला. आतून धोंडीरामांनी कडी काढू दिली नाही. शेवटी समोरच्या कडुलिंबाखाली जाऊन पडला तो पडलाच. धोंडीराम खेकसले, गप ए म्हातारे, तिसऱ्यांदा पान मांडलंय, आता तरी जाऊ दे त्याला.

तिसऱ्यांदा का, ते मी विचारले नाही. पाहुण्याने विचारू नये.

त्या लिंबाखाली माझ्याच वयाचा एकजण बसला होता. मांडीवर निळी सॅक, ओठ फुटलेले. त्याला कुणी पानावर बोलावले नाही. मी बोट दाखवले, तर धोंडीराम म्हणाले, तिकडं बघायचं न्हाई. निघताना मी ओट्यावर बसून बूट बांधले. तो टक लावून बघत होता. माझ्याकडे नव्हे, माझ्या शेजारी ओट्यावर.

अंबाजोगाईची गाडी अडीचला आहे. तोवर सामान मोजून घेतो.

अठरा.

२२ एप्रिल. संध्याकाळी पाच.

बाटली ओट्यावर राहिली होती. गाडीला अर्धा तास होता, म्हणून गेलो. अट आठवत होती. पण अट मेलेल्या माणसाची, बाटली माझी, अशी मनाची समजूत घातली. उचलायची आणि वळायचे, हाकसुद्धा मारायची नाही.

ओट्यावर बाटली नव्हती. मग दार वाजवले.

केशरबाईंनी उघडले. बाटली त्यांच्या हातात होती. त्यांनी मला पाहिले, डोक्यावरून पदर घेतला आणि नवऱ्याशी बोलावे तशा हळूच म्हणाल्या, आलात का. आतून धोंडीराम ओरडले, वहिनी, कावून उघडलं दार! लाव आधी! कडी लागली. मग गल्लीतली दारे एकामागून एक लागत गेली.

लिंबाखालचा तो उठून उभा होता. त्याने मला हात जोडले. मग सॅक खांद्याला मारून स्टँडकडे धावत सुटला.

मी पोहोचलो तेव्हा गाडी फाटकातून बाहेर पडत होती. खिडकीत तो बसला होता आणि कुणाची तरी बाटली तोंडाला लावून घटाघटा पीत होता.

२३ एप्रिल, बुधवार.

काल रात्री लॉजवर परतलो, तर मतीनभाईंनी सॅक उचलून बाहेर पायरीवर ठेवली. सांगितलं होतं की नाही भाई, एवढेच म्हणाले आणि शटर ओढले. टपरीवाल्याने माझ्यासमोर कप धुऊन पालथा ठेवला. रिक्षावाले मला बघून थुंकले. एकजण म्हणाला, चल हट बे, पुन्हा मरायला आला का इथं.

स्टँडच्या नळाला तोंड लावले. पाणी घशातून उतरलेले कळते. तहान जात नाही. 

अकराच्या पुण्याच्या गाडीत चढलो. कंडक्टरने पास मागितला नाही. मी पुढे धरला, तो शेजारच्याला तिकीट देऊन पुढे गेला. एका बाईने आपली पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. मी बोललो. ती पदराने वारा घेत म्हणाली, ह्याच सीटावर कसं लई उकडतंय.

जामखेडच्या अलीकडे डोळा लागला. जाग आली तेव्हा लिंबाखाली होतो.

पास आज संपला.

२४ एप्रिल, गुरुवार.

आज दारात उभा असेन, असा शब्द दिला होता. उभा होतो. दुसऱ्याच दारात.

वाजवले. माझे नाव सांगितले, गाव सांगितले. बाटली नको म्हणालो, फक्त मला जाऊ द्या. बायनाबाई खिडकीच्या फटीतून बोलल्या, मेला तरी मुडद्याचा हट्ट जाईना.

आईला फोन लावला. ती हॅलो हॅलो करीत राहिली. मागून ताईने विचारले, हृषी निघाला का. आई म्हणाली, कुणास ठाऊक, नुसता वाऱ्याचा आवाज येतोय.

इथे वारा नाही.

२५. शुक्रवार.

केशरबाई दुपारी उंबऱ्याबाहेर तांब्या ठेवतात. धोंडीराम येऊन लाथेने पाडतो. जमीन पिते. मी नाही.

मागच्या दाराची किल्ली कोनाड्यात, गणपतीच्या मागे. मला कसे माहीत? मी त्या खोलीत कधी —

वाटणीत मला विहिरीकडची बाजू हवी होती. धोंड्याने ती —

मला नाही. त्याला. मी हृषीकेश. चिपळूण. स्वप्नालीताईचा भाऊ. सॅकमध्ये अठरा वस्तू.

२६. शनिवार असावा. दुपार.

उद्या लग्न. 

धोंडीराम एकाला घेऊन आला. हिरवी सॅक, हसरा चेहरा. पान मांडले. चौथे.

मी ओरडलो, जेवू नको. जेवलास तर परत येऊ नको. पुन्हा पुन्हा ओरडलो. बायनाबाई म्हणाल्या, वारं न्हाई तर लिंब कावून हलतंय गं?

तो जेवला. ओट्यावर बसून बूट बांधले. सॅकचे कप्पे एकेक करून तपासले, नीटनेटका आहे, माझ्यासारखा. आणि गेला.

ओट्यावर पिवळी बाटली.

हाक मारायची होती. घसा सुकला म्हणून — नाही. चुकीचे लिहू नये. हाक मारली नाही.

आत्ता निघालो तर रात्री पुण्यात, सकाळी चिपळुणात. मुहूर्त दुपारचा आहे. ताई दाराकडे बघत —

तो आता सामान मोजत असेल.

कोपऱ्यावर बूट वाजले. तोच. एकटा.

उठतो. हात जोडायला हवेत. ये रे. अजून चार पावले. बाटली तिथे नाही, केशरबाईंनी आत नेली, आता दार वाज—