गोठ्यातली उंच बाटली

अहो,

आल्या आल्या आधी मला फोन करा, तुमचा दुपारपासून लागंना. पाशाभाईंच्या सोहेलला उलट्या होत्यात, त्याला घेऊन शिरूरच्या दवाखान्यात चाललेय.

गोठ्यातल्या फळीवर उंच बाटली रिकामी पडली होती, तिच्यात कंचं औषध होतं? तण मारायचं का कांद्यावरच्या किडीचं? डॉक्टर फोनवर नावच विचारत्यात, आन् लेबल मीच खरडून चुलीत घातलं. अंगणवाडीत पोरांना दाखवायचं होतं, की बाटली उंच असली तरी बुटक्या तांब्याएवढंच पाणी मावतं. तीनदा साबणानं घासली होती हो, देवाशपथ. पेल्यानं पाणी मोजून झालं आन् सोहेल म्हणाला, "बाई, माझ्या पोटात किती मावतं बघू?" मी हसले आन् तांब्या भरायला वळले.

औषधाचं खोकं सापडलं तर फोटो पाठवा. फोनवर बाटलीचं मोठ्यानं बोलू नका, त्याची आई माझ्या शेजारी असंल. तिला मी अजून सांगितलं न्हाई.

बाटलीतलं किती प्यायला, तेवढं डॉक्टरांना नीट सांगता येईल. पेले मोजायला मीच शिकवलंय. त्यानं दोन बोटं दाखवली.

अनिता