सारजाचा रक्तगट

बारामती
१२ ऑगस्ट १९९७

प्रिय छबूआक्का,

माझं पत्र बघून तुला नवल वाटेल. डाळज काही लांब नाही, तरी आठ महिने मी तिकडं फिरकलो नाही. संक्रांतीला तू पाठवलेला तिळगूळ तसाच डब्यात राहिला. आई सगळ्यांना सांगते, दादासो कामात बुडालाय. तिला काय सांगू?

मेंढरांमागं हिंडताना सुटलेली शाळा तू पंचविशीत पुरी केलीस, इंग्रजी टायपिंग शिकलीस. मग इथल्या दवाखान्यात बाळंतिणींची नावं नि रक्तगट तू भरायचीस, आणि ते सांभाळणारा प्रोग्रॅम मी सी या कॉम्प्युटरच्या भाषेत लिहिलेला. डॉक्टर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, या बहीणभावांनी माझा दवाखाना चालवलाय. मला त्याचा फार ताठा होता.

डिसेंबरात कॉम्प्युटरचं नवं मशीन आलं. त्याच्या मेमरीत एका अक्षराला एक घर, आणि प्रत्येक बाईची ओळ त्याला आठाच्या पाढ्यातल्या घरापासूनच सुरू झालेली लागायची: आठ, सोळा, चोवीस. म्हणून ओळीची नक्कल करून तशा जागेत ठेवणारं एक फंक्शन, म्हणजे प्रोग्रॅमचा एक तुकडा, मी लिहिलं. ओळ कुठं संपली हे मशीनला कळावं म्हणून शेवटी एक शून्य ठेवावं लागतं, आणि त्यालाही एक घर लागतं. मी अक्षरांची घरं धरली, शून्याचं विसरलो. ओळ पंधरा अक्षरांची असली तर शून्य उरलेल्या घरात बसायचं. बरोबर सोळा भरली तर ते पुढच्या ओळीच्या पहिल्या घरात पडायचं आणि पुढचं नाव भरलं की पुसलं जायचं. मग दोन्ही ओळी मशीनला एकच वाटायच्या.

बाळंतपणाला आलेल्या अंथुर्ण्याच्या सारजाची ओळ, नाव, आडनाव आणि रक्तगट धरून, बरोबर सोळा अक्षरांची होती. सारजाचा गट ओ, तिच्या मागून नोंदलेल्या बाईचा बी. रक्त मागवायची चिठ्ठी छापताना प्रोग्रॅम ओळीच्या शेवटी जे असेल ते रक्तगट म्हणून उचलायचा. चिठ्ठीवर नावाचा रकाना लहान, त्यामुळं चिकटलेलं दुसरं नाव कुणाला दिसलं नाही.

पुढचं तू पाहिलंस. बाळंतपणात सारजाला रक्त जायला लागलं आणि बाटली आली बीची. द्वारकाबाई सिस्टर जुन्या वळणाच्या, नमुना जुळवल्याशिवाय सुई लावू देईनात. जुळला नाही. ओची बाटली येईपर्यंत तासभर गेला. तिचा नवरा बिरदेव भिंतीला टेकून उभा होता. त्याचं ते उभं राहणं मला अजून दिसतं. सारजा वाचली, बाळही वाचलं.

नंतर डॉक्टरांनी आपल्या दोघांना बोलावलं. तू माझ्याकडं बघून म्हणालीस, "दादा, मी ओच भरलं हाय. तू बघ की मशीनमधी."

आणि मी, न बघताच, म्हणालो, "बोट सरकलं असंल, आक्का."

तू पदर सावरलास आणि त्याच दिवशी काम सोडून डाळजला गेलीस. भांडली असतीस तर बरं झालं असतं.

आता खरं सांगतो. तू एसटीत बसलीस तेव्हा मी मशीन उघडलं. तू भरलेल्या मूळ नोंदीत ओच होता. अर्ध्या तासात मला माझी चूक सापडली. लांबीत शून्याचं एक घर मिळवलं, प्रोग्रॅम नीट झाला. मी कुणाला काही बोललो नाही. आधी वाटलं उद्या सांगू, मग वाटलं आता उशीर झाला. तसे आठ महिने गेले.

काल इंदापूरच्या एका दवाखान्यातून डॉक्टरांना फोन आला. तू तिथं कामासाठी अर्ज केलायस हे मला तेव्हा कळलं. डॉक्टर म्हणाले, बाई प्रामाणिक आहे, पण हात चुकतो. मी समोरच बसलो होतो. फोन ठेवायच्या आत मी म्हणालो, "तिचा हात चुकला नाही. चूक माझी होती, आणि ती मी लपवली."  डॉक्टरांनी त्याच फोनवर इंदापूरला सगळं खरं सांगितलं आणि मला उद्यापासून येऊ नको म्हणाले. गुरुवारी ते स्वतः डाळजला तुझी माफी मागायला येणार आहेत. हे तुला आधी त्यांच्या तोंडून कळू नये, म्हणून हे पत्र. भिगवणच्या गाडीच्या कंडक्टरकडं देतोय, उद्या पोचेल. मीही त्यांच्याबरोबर येईन, पण रस्त्यावरच थांबेन. तू हाक मारलीस तरच आत येईन.

तुझाच, आणि तुझा अपराधी,
दादासो